बजेटचा खेळ आणि विडी कामगाराचं घर

प्रश्न: सोलापुरातल्या नववीच्या वर्गात ‘दहा हजारांत महिना काढा’ हा खेळ घ्यायचाय. विडी कामगाराच्या घराचं चित्र त्यातून खरं उभं राहील का?

उत्तर १: नाही. खेळात १ तारखेला सगळे पैसे हातात पडतात. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. पानं खराब आली की छाट (नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या) वाढते नि कमाई घटते. कमाई दर आठवड्याला फासे टाकून ठरवा.

उत्तर २: उधारीही घाला. महिना शेकडा १० म्हणजे वर्षाला १२० टक्के! १४.२ किलोच्या सिलिंडरला एकदम पैसे नसले की बाजारभावाचं ५ किलोचं घ्यावं लागतं; किलोमागे तेच महाग.

उत्तर ३: रेशन राहिलंच. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मोफत. पण झिजलेल्या बोटांचा ठसा मशीनवर उमटला नाही तर खेप वाया, रोजही बुडतो.