शब्दचर्चा : ‘काही दुखणं नाही’ म्हणजे काय?

मूळ प्रश्न :

फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार) हा शब्द आमच्या घरात गेल्या वर्षी आला. त्याआधी तीन वर्षं आईचं एकच वाक्य होतं, “अंग दुखायलंय सगळं.” (आमच्या सोलापूरकडे ‘दुखतंय’पेक्षा ‘दुखायलंय’च तोंडात बसलेलं.) रक्ताच्या तपासण्या झाल्या, एक्स-रे झाले, सगळं नीट. एका डॉक्टरांनी कागद परत देताना सांगितलं, “काही दुखणं नाही तुम्हाला.” त्यांना म्हणायचं होतं, आजार सापडला नाही. आईनं ऐकलं, तुम्हाला दुखत नाही. रिक्षात बसल्यावर पदर तोंडाला लावून रडली.

मराठीत ‘दुखणं’ म्हणजे वेदनाही आणि आजारही. ‘गुडघ्याचं दुखणं’ यात वेदना, ‘दुखणं अंगावर काढलं’ यात आजार. एरवी चालून जातं. पण फायब्रोमायल्जियात सांधे झिजत नाहीत, सूज नसते, रक्तात खूण मिळत नाही. मज्जासंस्थाच वेदनेचे निरोप आहेत त्यापेक्षा मोठे करून पोचवते. म्हणजे वेदना खरी आणि तपासणी कोरी. तिथे हा एकच शब्द दोघांना दोन गोष्टी सांगतो.

माझे प्रश्न दोन. फायब्रोमायल्जियाला मराठी शब्द आहे का? आणि नुसत्या स्पर्शानं दुखतं त्याला काय म्हणावं? ब्लाउजची शिवण, पदराची पिन, नातवानं खांद्यावर टेकलेला हात, एवढ्यानंही ती कळवळते.

उत्तर :

‘तंतुस्नायुशूल’ असं काहीतरी जुळवता येईल, पण नको. एक तर ‘स्नायू’ आजच्या मराठीत मांसाचा, आयुर्वेदाच्या ग्रंथांत मात्र तो हाडं-सांधे बांधणारा. तिथे मांसाला ‘पेशी’, आणि आपली पेशी सूक्ष्मदर्शकाखालची! दुसरं, शूल म्हणजे भाल्यासारखं खुपसणारं. हे दुखणं बहुतेकदा तसं नसतं.

इंग्रजी नावही एकदा चुकलेलंच होतं. १९०४ साली ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं. ‘आयटिस’ म्हणजे दाह, आणि दाह तर सापडेना. १९७६ च्या सुमारास ‘फायब्रोमायल्जिया’ आलं, त्यात फक्त तंतू, स्नायू आणि वेदना. म्हणून आपण तेच नाव ठेवावं. घरी ‘वात’ म्हणणं मात्र टाळावं. संधिवात समजून माणसं भलतीच औषधं घेत बसतात.

उत्तर :

दुसऱ्या प्रश्नाला माझा शब्द : हुळहुळणं. भाजल्यावर, खरचटल्यावर कातडीला वारा लागला तरी सहन होत नाही, ते. आजी म्हणायची, “नको हात लावू, हुळहुळतंय.” ‘दुखरा’ शब्द दाबल्यावर दुखणाऱ्या जागेला, आणि ‘हळवा’ आता मनाकडे गेला. आधीच “मनाचं आहे सगळं” असं ऐकून घेतलेल्या बाईसाठी ‘हळवी’ हा शब्द मी तरी वापरणार नाही.

उत्तर :

हुळहुळणं कातडीवरचं. आतलं काय? १९७५ साली कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावून रुग्णांसाठी प्रश्नावली केली. आपल्याकडे तर साठाच आहे. ठणका पिकलेल्या दाढेचा, ठसठस गळवाची, चमक येऊन जाणारी, उसण एका हालचालीत भरणारी. मागावर दिवसभर उभं राहिलेल्याच्या पायांना लागते ती रग, ती बसलं की उतरते. तुमच्या आईचं यातलं कुठलं? मला वाटतं, अंग आंबणं. आणि सोबत कसकस, म्हणजे ताप नसताना तापासारखं.

आमच्या शेजारच्या विडी वळणाऱ्या काकू तेलुगूत ‘वळ्ळु नोप्पुलु’ म्हणतात, अंगदुखी. त्यातलं अनेकवचन मला फार खरं वाटतं. मराठीत ‘वेदना’ एक असो की अनेक, शब्दाचं रूप तेच राहतं.

मूळ प्रश्नकर्ती :

‘अंग आंबलंय’ वाचून दाखवलं, आई लगेच म्हणाली, “हां, हेच!” रात्रभर झोपूनही सकाळी तसंच. ‘कणकण’ म्हणायची तेव्हा आम्ही थर्मामीटर लावायचो, पारा ९८.४ वर.

‘आराम’ शब्दाचंही असंच झालं. आराम पडणं आणि आराम करणं. जो तो म्हणे, आराम करा. पण पडून राहिल्यानं आराम पडला नाही, उलट अंग आखडलं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशींत ठाम शिफारस एकाच उपायाची आहे, व्यायामाची. मज्जातंतूंवरच्या काही गोळ्यांचा काहींना उपयोग होतो, आईला थोडा झाला. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा नाही. आता ती होम मैदानावर चालते. सुरुवात दहा मिनिटांची. बरं वाटलं म्हणून एकदा घरी येऊन भिजलेली चादर पिळली, ती दोन दिवस अंगावर आली. तेव्हापासून बऱ्या दिवशीही तेवढंच करायचं, वाढवायचं ते आठवड्यानं एखादं मिनिट.

पुढच्या वेळी डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी तिनं स्वतः लिहिलीय : “सकाळी अंग आंबलेलं. दुपारी मांड्यांत कसकस. खांदे हुळहुळतात, पिन लावता येत नाही. चालले त्या दिवशी झोप बरी.”