सॉक्रेटिसच्या पद्धतीने भूमिती जमली, प्रामाणिकपणा का जमत नाही?

प्रश्न

मी तालुक्याच्या गावी आठवीला गणित शिकवते. मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याकडेच असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद वाचला. त्यात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू किती? मुलगा ठासून सांगतो, चार. क्षेत्रफळ 16 होतं. मग म्हणतो तीन, तर 9 होतं. शेवटी म्हणतो, मला माहीत नाही. तिथून पुढे प्रश्नांच्या आधारानेच तो कर्णापर्यंत पोचतो.

मी हेच वर्गाच्या फरशीवर खडूने केलं. आधी “चार”चा गलका, मग “तीन”, मग सगळे गप्प. उत्तर न सांगता उभं राहणं मला फार जड गेलं. एरवी तोंड न उघडणारी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने तिरपी रेघ ओढली. तो तास मी विसरणार नाही.

त्याच उत्साहात कॉपीवर चर्चा घेतली. कॉपी करावी का? का करू नये? मुलं इतकं छान बोलली! दोन दिवसांनी घटक चाचणीत त्यातल्याच चौघांकडे चिठ्ठ्या सापडल्या. चूक आहे हे कळलं की माणूस चूक करत नाही, असं सॉक्रेटिस मानतो. मग माझ्या मुलांना काय कळलं नव्हतं?

उत्तर 1

मॅडम, मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचो. तुमचा प्रश्न ॲरिस्टॉटललाही पडला होता. त्याच्या ‘निकोमाखियन एथिक्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात तो सॉक्रेटिसचं नाव घेऊन म्हणतो, की हे मत डोळ्यांना दिसतं त्याच्या उलट आहे. दारू प्यालेला माणूसही एम्पेडोक्लिस या तत्त्वज्ञ कवीच्या ओळी म्हणून दाखवतो. नवशिके विद्यार्थी वाक्यं जुळवतात, पण ते ज्ञान अजून त्यांच्यात मुरलेलं नसतं, आणि मुरायला वेळ लागतो. तुमच्या मुलांची छान उत्तरं ही अशीच जुळवलेली वाक्यं होती.

त्याचा उपाय दुसऱ्या भागात आहे. वीणेसारखं लायर हे वाद्य वाजवून वादक होतो, तसा न्यायाने वागून माणूस न्यायी होतो. ग्रीकमध्ये ‘एथॉस’ म्हणजे सवय आणि ‘ईथॉस’ म्हणजे स्वभाव; फरक एका स्वराचा. नुसत्या चर्चेवर विसंबणाऱ्यांना तो अशा रोग्यांची उपमा देतो, जे वैद्याचं लक्षपूर्वक ऐकतात आणि सांगितलेलं काहीच करत नाहीत. आठवड्याला पाच गुणांची चाचणी घ्या आणि मुलांनाच आपापली तपासू द्या. वर्षभर.

उत्तर 2

सरांचं पटतं, पण ताई, तुमचा दुसरा तास सॉक्रेटिसचा नव्हताच असं मला वाटतं. भूमितीच्या तासाला मुलं बिनधास्त “चार” म्हणाली. कॉपीच्या तासाला एकही मूल चुकीचं बोललं का? बाईंना काय ऐकायचंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. पायाशी शॉक देणारा मासा लागावा तसं सॉक्रेटिस आपल्याला बधिर करतो, अशी तक्रार ‘मेनो’ संवादात त्याच्याशी बोलणारा मेनो करतो. तुमची मुलं त्या दिवशी बधिर झालीच नाहीत.

आणि सवयीबद्दल एक. त्याच संवादात अथेन्सचा नामवंत नेता थेमिस्टोक्लिस याच्या मुलाचा दाखला आहे. बापाने त्याला इतकी उत्तम घोडेस्वारी शिकवली, की तो घोड्यावर उभा राहून भाला फेकायचा. पण बापाचा चांगुलपणा आणि शहाणपण त्याच्यात उतरलं, असं कोणी ऐकलं नव्हतं. सराव कशाचा आणि का, हे मुलाला कळायला हवं.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचंही ऐकलं. काल वेगळं विचारलं, “शेजारच्या मैत्रिणीला काहीच येत नाहीये आणि ती रडतेय. वही सरकवाल?” पहिल्यांदाच वर्गाचे दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, “मी सरकवीन, ती माझ्यासाठी करते.” मी रागावले नाही. विचारलं, मग निकालाच्या दिवशी तिला खरंच काय येतं, हे कोणाला कळेल? तो बराच वेळ उभाच राहिला, आणि वर्गही गप्प होता.

पाच गुणांची चाचणी सोमवारपासून सुरू करतेय. उत्तरं फळ्यावर लिहून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहणार. लाल पेन मुलांच्याच हातात.