मदत हवी आहे: ड्रिंकमध्ये गुंगीचं औषध घातल्याचा संशय, मुंबईत तपासणी कुठे?

माझी मावसबहीण (वय 24) काल रात्री लोअर परळला पार्टीत होती. एका ड्रिंकनंतरचं तिला काहीच आठवत नाही. पाय लटपटत होते, बोलणं अडखळत होतं, उलट्या झाल्या. मैत्रिणी पूर्ण वेळ सोबत होत्या, त्यामुळे पुढे काही विपरीत घडलं नाही. सकाळी डॉक्टरांना दाखवलं. श्वास, बीपी ठीक आहे.

जवळच्या लॅबमध्ये लघवीची ड्रग टेस्ट केली. बेंझोडायझेपिन (झोपेच्या-गुंगीच्या औषधांचा गट) निगेटिव्ह आलं, पण त्याच गटातलं रोहिप्नॉल साध्या स्ट्रिपवर निसटू शकतं, आणि जीएचबी, केटामाइन ही गुंगी आणणारी दुसरी औषधं त्या टेस्टमध्ये नव्हतीच. जीएचबी साधारण 12 तासांत लघवीतून निघून जातं, म्हणून पहाटेचीच लघवी स्वच्छ डबीत घेऊन फ्रिजमध्ये ठेवली आहे. (कुणावर अशी वेळ आली आणि माणूस शुद्धीत असेल, तर नमुना लगेच घ्या. बेशुद्ध असेल तर आधी 108.)

तक्रार करायला ती तयार आहे, फक्त घरी इतक्यात सांगायचं नाही.

कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुना पोलिसांमार्फतच जातो का? घरी घेतलेला नमुना पोलीस स्वीकारतात, की सरकारी रुग्णालयात एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करून नव्याने द्यावा लागतो? जीएचबी आणि केटामाइन दोन्ही तपासणारी खासगी लॅब मुंबईत कुणाला माहीत आहे का?