प्लेट काऊंट भरपूर, तरी नायट्राइट उतरंना! बॅक्टेरिया नेमके मोजायचे कसे?

मांजराकाठचा: रामराम मंडळी. लातूरकडं १० हजार लिटरच्या चार टाक्या हायत, बायोफ्लॉक (टाकीतच बॅक्टेरियाचे गोळे म्हंजी फ्लॉक वाढवून पाणी साफ ठेवायची पद्धत), मासा तिलापिया. त्यातल्या दोन टाक्या महिन्याखाली ब्लिचिंग मारून घासून धुतल्या, नवीन पाणी भरलं, गूळ टाकून फ्लॉक परत धरला, इम्हॉफ कोनमधी (फ्लॉक मोजायचं निमुळतं भांडं) लिटरला ३० मिली बसायलाय. पण नायट्राइट (माशाच्या घाणीतल्या अमोनियापासून होणारं विष) उतरंनाच, पहाटं मासे वर येऊन तोंड काढायलेत. पाणी लॅबला दिलं तर टोटल प्लेट काऊंट (प्लेटवर वाढवून मोजलेले बॅक्टेरिया) मिलीला १० लाखाच्या वर, बॅक्टेरिया भरपूर हायत म्हणले. भरपूर हायत तर काम का करंनात? प्रोबायोटिक अजून टाकू का डीएनए टेस्ट करू?

गोदाकाठ_परभणी: दादा, प्रोबायोटिकच्या बाटल्या आधी थांबवा. साध्या प्लेटवर उगवतात ते गूळ-खाद्यावर भराभर वाढणारे. नायट्राइटचं नायट्रेट करणारे नायट्रोस्पायरा वगैरे त्या प्लेटवर दिसतच नाहीत, आन ते वाढतात पण लई सावकाश, त्यामुळं आकडा मोठा म्हणून टाकी तयार झाली असं धरू नका. हे भिंतीला, पाइपला, फ्लॉकच्या कणाला चिकटून राहतात, घासताना तेच गेले तुमचे. कोन तर फक्त फ्लॉक किती हे सांगतो, त्यात कोण हाय हे नाही. कल्ले बघा, तपकिरी दिसले तर नायट्राइटच लागलंय, खाद्य कमी करा, खडे मीठ टाका, त्यातल्या क्लोराइडमुळं नायट्राइट माशाच्या अंगात कमी शिरतं. पहाटं ऑक्सिजन पण बघा, ब्लोअर बंद पडत असंल तर आधी ते. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) मोजता का? १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबानं ७ ग्रॅमच्या आसपास खर्च होती.

फ्लॉकप्रेमी: डीएनएचं मी सांगतो. १६एस सिक्वेन्सिंग (बॅक्टेरियाचं एक ओळखीचं जनुक वाचणारी टेस्ट) कोणाचा वाटा किती टक्के ते दाखवतं, मिलीला किती ते नाही, त्यासाठी क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी टेस्ट) लागतं. आणि मेलेल्या पेशींचा डीएनए पण त्यात येतो, ब्लिचिंग केलेल्या टाकीत हे ध्यानात ठेवा. करायचीच तर जुन्या-नव्या दोन्ही टाक्यांचं सॅम्पल एकाच दिवशी, खाद्याआधी, सारख्याच खोलीवरून घ्या, भिंतीवरचा चिकटा वेगळा खरवडून घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. एकट्या नव्या टाकीचा रिपोर्ट आला तर ताडून कशाशी बघणार? उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात आधी विचारा.

मांजराकाठचा: कल्ले तपकिरीच हायत. मीठ टाकलं, खाद्य निम्मं केलं. जुन्या टाकीतला फ्लॉक नव्यात टाकला तर चालंल का?

गोदाकाठ_परभणी: जुन्यातले मासे ठणठणीत असतील, अंगावर जखमा नसतील तरच. आन अमोनिया-नायट्राइट रोज एकाच वेळेला मोजून वहीत लिहा.