संधिवाताच्या दुखण्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र : पुन्हा अर्ज करावा की अपील?

अबोली (कर्वेनगर, पुणे) :
मला सात वर्षांपासून अँकायलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात आहे. सकाळी अंथरुणात उठून बसायलाच पाऊण तास जातो, आणि हात मागे पोहोचत नसल्यामुळे माझी वेणी मुलगी शाळेला जाण्यापूर्वी घालून देते. मात्र या आजारात हालचाल सुरू झाली की अंग हळूहळू मोकळे होते. एका शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी माझा क्रमांक दुपारी साडेबाराला आला. डॉक्टरांनी दोनदा वाकायला लावले, मान वळवून पाहिली आणि 20 टक्के दिव्यांगत्व नोंदवले. आयकरातील दिव्यांगांसाठीची वजावट असो वा अन्य बहुतेक सवलती, किमान 40 टक्के लागतात. मी शासकीय कार्यालयात लिपिक आहे. रोजचे हे दुखणे मोजमापात येतच नाही का?

वाटसरू :
अबोलीताई, हाच आजार मलाही असल्यामुळे स्पष्ट लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत, पण दीर्घकालीन वेदना हा त्यांतील स्वतंत्र प्रकार नाही. तपासणीत किंवा एक्स-रेत आधार सापडला नाही, तर मणक्याच्या केवळ सांगितलेल्या दुखण्याला दिव्यांगत्व मोजण्याच्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार शून्य टक्के मिळतात. मला हे अन्यायाचे वाटते, परंतु अर्ज करताना हे गृहीत धरूनच कागद जमवावे लागतात. कमरेवर दोन खुणा करून वाकल्यावर त्यांतील अंतर किती वाढते, श्वास घेतल्यावर छाती किती फुगते, ही मापे आपल्या संधिवाततज्ज्ञांकडून तारखांसह लिहून घ्यावीत.

आपल्या प्रश्नातील वेणीचा उल्लेख वाचून मात्र मी थबकलो. आपले खांदे कोणी मोजले का? मणका आणि खांदे यांचे टक्के वेगवेगळे काढून सूत्राने एकत्र करतात. ती साधी बेरीज नसते, म्हणजे 30 आणि 20 मिळून 50 न होता सुमारे 43 होतात. तरीही 40 ची रेषा ओलांडली जाते.

काही जण तपासणीच्या दिवशी गोळी घेऊ नका, असे सुचवतात. कृपया तसे करू नये. उपचार चालू असतानाही जे हालत नाही, तेच ठामपणे दाखवावे.

निशिगंध :
अधिनियमाच्या कलम 59 प्रमाणे प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते आणि नियमांत त्यासाठी 90 दिवसांची मुदत आहे. अपिलात नुसते 'टक्केवारी कमी आहे' असे न लिहिता कोणता सांधा तपासायचा राहिला, ते नेमके लिहावे. आपण शासकीय सेवेत असल्याने आणखी एक गोष्ट सांगते : सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, असे कलम 20 सांगते, आणि त्या कलमात 40 टक्क्यांची अट लिहिलेली नाही. बसण्याच्या सोयीसाठी किंवा सकाळच्या वेळेत सवलतीसाठी कार्यालयाकडे आजच लेखी अर्ज द्यावा. दाद मिळाली नाही, तर दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे.

अबोली :
खांद्यांना कोणी हातही लावला नव्हता, आणि मलाही ते सुचले नाही. 90 पैकी 41 दिवस सरले आहेत. सोमवारी संधिवाततज्ज्ञांकडे जाऊन दोन्ही खांद्यांची मापे लिहून घेते आणि त्याच आठवड्यात अपील दाखल करते. आपणा दोघांचे मनापासून आभार.