मदत हवी आहे: बाबांची सुपारी कशी सोडवायची?

मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबांनी निपाणीची तंबाखू सोडली, पण चंचीतला अडकित्ता काही सुटत नाही. पान, चुना, कात आणि सुपारीचं खांड दिवसभर चालूच. 'नुसत्या सुपारीनं काय होतंय?' म्हणतात. तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक असल्याचं २००४ पासून जाहीर आहे, हे त्यांना कोण सांगणार! आता तिखट झोंबतं, तोंडात जेमतेम दोन बोटं मावतात.

बेळगावचा धाकटा त्याहून शहाणा. गुटखाबंदी म्हणून पानमसाला नि तंबाखूच्या पुड्या वेगळ्या घेऊन मिसळतो. त्याचं नंतर बघू.

बेळगावात आधी कुणाला दाखवावं, दातांच्या डॉक्टरांना की कान-नाक-घसावाल्यांना? सुपारीऐवजी बडीशेप-लवंगेवर कुणाचं निभावलं का? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.