वर्षाची सरासरी पावसाळ्यात कोलमडते
रुग्णालयातल्या विभागांना वर्षभराच्या रुग्णसंख्येच्या सरासरीवर खाटा वाटाव्यात, असं सुचवलं जातं. ठाण्या-कळव्याच्या पावसाळ्यात हे टिकणार नाही. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिसने) मेडिसिन वॉर्ड ओसंडतो तो नेमका याच महिन्यांत.

समजा वॉर्डात 30 खाटा आहेत; 30 दिवसांचे 900 खाट-दिवस (एक खाट, एक दिवस) होतात. रुग्ण-दिवस (एक रुग्ण, एक दिवस) 1035 भरले तर खाटांचा भरणा, म्हणजे वापर, 115 टक्के. पण रात्री बाराच्या मोजणीत जमिनीवरच्या गाद्या धरल्याच नाहीत, तर आकडा शंभरावर अडकतो आणि जादा खाटांची मागणी कागदावर दिसतच नाही!

जून ते ऑक्टोबर काही खाटा फिरत्या, म्हणजे गरज असेल त्या विभागाला देता येतील अशा ठेवा, त्याही ऑक्सिजन पॉइंटजवळच्या. दुसऱ्या वॉर्डात टाकलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर युनिट (त्याच्यावर उपचार करणारं डॉक्टरांचं पथक) ठळक लिहा, नाहीतर राउंडमध्ये तो सुटतो. आणि डिस्चार्ज दहाला ठरून कागद चारला निघाले, तर खाट सहा तास अडकलेलीच.